रेघेवरची खाट

आमच्या घराच्या मधल्या खोलीत दोन तांबड्या रेघा आहेत. समोरच्या भिंतीवरून त्या खाली उतरतात, फरशीवरून सरळ जातात आणि मागच्या दाराजवळच्या भिंतीवर चढून छताला टेकतात. दोन्हींमधलं अंतर तीन फूट, म्हणजे एका खाटेएवढं. सरकारी मोजणीदार त्या आखत होता तेव्हा माझी बायको सुनंदा त्याला म्हणाली, "अहो, निदान फरशीला शोभेल असा रंग तरी घ्यायचा."

तो म्हणाला, "बाई, शोभेल असा रंग घेतला तर दिसायचा कसा?"

या दोन रेघांना मिळून सगळे 'रेघ' म्हणत. माझी खाट तिच्यावर असली पाहिजे, असा नियम होता.

ही रेघ आमच्या बोरसवड्याच्या चाकाची. दिवसा सूर्याची वीज हवी तेवढी असते आणि गावातले यंत्रमाग खरे जोरात चालतात ते संध्याकाळी. मधल्या वेळात ती वीज ठेवायची कुठे, हा जुना प्रश्न. बॅटऱ्यांचे धातू दुर्मिळ झाले तेव्हा लोक चाकाकडे वळले. पावणेदोन टन वजनाचं, कार्बनच्या धाग्यांचं जाडजूड चाक. ते पोलादी कवचात बसवायचं, आतली हवा काढून टाकायची आणि चुंबकांवर तरंगत ठेवून दिवसभर फिरवत न्यायचं. दुपारी चारच्या सुमारास आमचं चाक मिनिटाला पंधरा हजार फेरे घेई. मग सूर्य कलला की तेच चाक जनित्र फिरवी आणि गावातले साठ माग तीन तास चालत. त्याला आवाज नव्हता आणि धूरही नव्हता. अंगणात उभं राहिलं तर कळतसुद्धा नसे की वीस मीटरवर एवढं काहीतरी फिरतं आहे.

पण फिरणारी वस्तू सारखी सुटू पाहत असते. सुरुवातीच्या वर्षांत तीन चाकं फुटली. तिसऱ्या वेळी अकरा माणसं गेली. चौकशीत असं निघालं की त्या चाकाचा हिशेब तपासून सही करणारा तज्ज्ञ सहाशे किलोमीटरवर राहत होता आणि त्याने ते चाक कधी पाहिलंच नव्हतं.

त्याच सुमारास मी एका तांत्रिक मासिकात दीड पानाचं टिपण लिहिलं होतं. कोल्हापूरच्या ज्या कारखान्यात मी उमेदवारी केली तिथे एक रिवाज होता. नवं चाक, नवा पंखा, काहीही पहिल्यांदा पूर्ण वेगाने फिरवायचं असलं की ज्याने हिशेब केला त्याने चाचणीच्या खड्ड्याच्या काठावर उभं राहायचं. 'ज्याची सही, त्याचे पाय काठावर,' असं आमचे मालक म्हणत. मीही तसा अनेकदा उभा राहिलो होतो. त्या आठवणीपलीकडे टिपणात काही नव्हतं. माझं लिखाण सहसा मुद्रितशोधकच वाचतो. या वेळी ते सरकारी समितीच्या एका सभासदाने वाचलं.

वर्षभरात नियम आला. चाकाच्या हिशेबावर सही करणाऱ्या प्रमाणकाने त्याच चाकाजवळ, त्याच्या फिरण्याच्या पट्ट्यात, म्हणजे तुकडा सुटला तर सरळ जिथे येईल तिथे, राहायचं. चाक फिरताना त्याचा माथा प्रमाणकाच्या घराकडे धावेल असंच ते बसवायचं. आमच्या भागात चार फुटांवर काळा कातळ लागतो, म्हणून चाक आडवं न पुरता उभं ठेवून अर्धंच जमिनीत घातलं होतं. त्याचा माथा जमिनीच्या दोन फूट वर होता. माझी खाटही साधारण तेवढ्याच उंचीची.

मी, पद्माकर मगदूम, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी बोरसवड्याच्या चाकाचा प्रमाणक झालो. नाही म्हणायला हवं होतं. पण नियम माझ्याच लेखातून निघालेला, आणि नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही.

*

चाक सुरू होऊन सात महिने झाले होते तेव्हा अक्का आली. माझी थोरली बहीण, वय पंचाहत्तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून महिनाभर आमच्याकडे राहायचं ठरलं होतं. आई लवकर गेली, म्हणून अक्कानेच मला वाढवलं. मी शाळेत जायचो तेव्हा ती शेतात माळ्यावर उभी राहून जोंधळ्यावरची पाखरं हाकायची. गावात तिच्यासारखी गोफण कोणाच्या हाताला नव्हती. साठ पावलांवरच्या बांधावरचं मडकं ती फोडायची.

काळा चष्मा लावून ती मधल्या खोलीत आली आणि रेघांकडे बघत राहिली.

"हे काय रं पदू? लग्नात धरायचा अंतरपाट फरशीवर का काढलाय?"

मी तिला चाकाचं सांगितलं. सांगता सांगता शिकवायच्या सुरात गेलो. म्हणालो, "अक्का, लोकांना वाटतं की फिरणाऱ्या वस्तूला बाहेर ढकलणारं काहीतरी असतं. खरं म्हणजे वस्तूला फक्त सरळ जायचं असतं. तिला वळवत ठेवायला आत खेचावं लागतं. ते खेचणं जिथे तुटलं, तिथून ती सरळ निघते. वजन दुप्पट झालं तर ओढ दुप्पट होते. पण वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते."

"मला शिकवतोस व्हय," अक्का म्हणाली. "गोफणीतला दगड कवा सोडायचा ते बोटाला कळतं. कडंला सुटतो आन् नाकासमोर जातो. बाहेर-बिहेर काय जात न्हाई." ती खिडकीतून चाकघराकडे बघत होती. "माथा हिकडं फिरतोय न्हवं?"

"हो."

"म्हंजे गोफणीचा रोख तुझ्या उशाकडं."

"तसंच म्हणायचं."

"आन् भ्या वाटत न्हाई?"

"हिशेब मीच केलाय," मी म्हणालो.

ती हसली. "म्हणून तर इचारलं."

हे तिने गमतीत म्हटलं, तरी मला लागलं. त्या सात महिन्यांत मी तीन वेळा शंका काढून चाक थांबवलं होतं. एकदा चाक थांबवून उघडलं की पुन्हा हवा काढून सुरू करायला तीन आठवडे जातात. तेवढे दिवस संध्याकाळचे साठ माग बंद. तिन्ही वेळा काही निघालं नाही, माझीच शंका चुकीची ठरली. चौकातल्या चहाच्या गाड्यावर मागवाले मला बघितलं की म्हणायचे, "काय सर, आज शंका-बिंका न्हाई न्हवं? न्हाई तर गड्यास्नी घरला लावून देतो." मी हसायचो आणि चहा न घेता परत यायचो.

*

अक्का आल्यावर चौथ्या दिवशी दस्तगीर मुजावर तिला बघायला आला. चाकाचा तोल साधायचं काम याच माणसाने केलं होतं. तो पिशवीभर सीताफळं घेऊन आला होता.

"अक्का, डोळं कसं हाईत?"

"तू काळाच दिसतोस अजून."

"मग ऑपरेशन फसलं म्हणायचं."

दोघं हसली. सुनंदाने चहा आणला. बोलता बोलता दस्तगीर चाकाचं कौतुक करायला लागला. "लोण्यागत फिरतंय, सर. पण कवच बंद करायच्या आदल्या दिशी बेनं लै त्रास देत हुतं. जरा झोल येत हुता. मग कडंच्या तोंडावर चाळीस ग्रॅमची पोलादी पट्टी मारली. दोन स्क्रू आन् गोंद. झटक्यात गप झालं."

मी कप खाली ठेवला. "ड्रॉइंगमध्ये ती नाही."

"तोलाची पट्टी ड्रॉइंगात कवा असती, सर? माझ्या बापानं कवा दाखवली न्हाई, मी बी न्हाई. चाळीस ग्रॅम वं. ह्या सीताफळाच्या बिया जास्त भरतील."

त्याचं खरं होतं. चाळीस वर्षं मी फिरणाऱ्या चाकांचे हिशेब तपासले, पण तोलाची पट्टी कधी हिशेबात धरली नाही. आमच्या धंद्यात ती कोणीच धरत नाही. ती शेवटी लागते, ड्रॉइंग मंजूर झाल्यावर, आणि ती लावणाऱ्या माणसाचा हात चांगला असला की तिच्याकडे कोणी बघत नाही. चाक तीनदा उघडलं तेव्हा मीही बघितलं नव्हतं.

"का, काय झालं?" दस्तगीरने विचारलं.

"काही नाही. सहज."

"शंका असंल तर बोला. मी लिहून देतो तसं. उघडून बघू. त्यात काय लाज न्हाई."

"नाही, नाही," मी म्हणालो. "सहज विचारलं."

तो गेल्यावर मी वही काढली. जुन्या बिडाच्या चाकाला मिनिटाला दीड हजार फेरे असायचे. पट्टी मध्यापासून साठ सेंटिमीटरवर धरली तर त्या वेगाला तिची ओढ साठ किलो भरते. दोन स्क्रू ती सहज धरतात. म्हणून तो रिवाज होता आणि त्या काळी तो बरोबरही होता. आमच्या चाकाचा वेग त्याच्या दहापट. वेग दहापट झाला की ओढ शंभरपट होते. म्हणजे सहा हजार किलो, सहा टन. तळहातावर ठेवली तर जाणवणारही नाही अशी ती पट्टी दुपारी चार वाजता भरलेल्या ट्रकच्या जोराने सुटायला बघत होती.

दोन स्क्रू फार तर दोन टन धरतील. उरलेले चार टन सात महिने गोंदाने धरले होते. गोंद रोज एकदा ताणला जात होता आणि रोज एकदा सैल होत होता. असा गोंद किती दिवस टिकतो ते पुस्तकात आहे. त्या आकड्याच्या आम्ही फार जवळ होतो, कदाचित पुढेही गेलो होतो.

कवचाचा हिशेबही मीच तपासलेला. चाकाचे कार्बनचे धागे फुटले तर त्यांचा पिंजलेल्या कापसासारखा भुसा होतो आणि पोलाद तो आत अडवतं. पण सुटी पोलादी पट्टी म्हणजे भुसा नव्हे. बंदुकीच्या गोळीपेक्षा जास्त वेगाने निघालेली ती पट्टी कवचातून आरपार जाईल. पुढे विटांची भिंत असली काय आणि नसली काय.

तीन वेळा हिशेब केला आणि तिन्ही वेळा सहा टनच आले. मला वाटलं, तिन्ही वेळा मी एकच चूक केली असेल.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या मुख्य इंजिनियरला, गायत्री सरनोबतला फोन केला. हुशार मुलगी. वयाने माझ्या निम्मी.

"चाकाच्या कडेविषयी जरा शंका होती," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "सर, आपल्या संगणकाने रात्रीच पुन्हा तपासलंय. सगळं सुरक्षित दाखवतोय."

संगणक ड्रॉइंग तपासत होता आणि ड्रॉइंगमध्ये पट्टी नव्हती. हे मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

"मागच्या तीन वेळांचं मी कसंबसं सांभाळलं, सर," ती हळू म्हणाली. "आता चौथ्यांदा थांबवायचं आणि काही निघालं नाही, तर तुम्हाला काढतील. मलाही विचारतील. म्हणून विचारते. नक्की आहे का?"

"तसं नक्की... नाही म्हणता येणार."

"मग नक्की झालं की फोन करा. मी त्याच मिनिटाला थांबवीन. खरंच."

मी फोन ठेवला. मधल्या खोलीत गेलो आणि माझी खाट दोन हात डावीकडे, रेघेच्या बाहेर ओढली. सरकारी तपासणी मागच्याच महिन्यात होऊन गेली होती. पाच महिने कोणी मोजायला येणार नव्हतं.

खाटेचा आवाज ऐकून सुनंदा आली. "का सरकवलीत?"

"वाचायला उजेड बरा येतो इकडे."

तिने मोकळ्या झालेल्या जागेकडे पाहिलं. "बरंच झालं. अक्कांची खाट इथे घालते. मागच्या दाराचा वारा येतो. त्या खोलीत उकडतं म्हणून काल कुरकुरत होत्या."

मी म्हणालो, "इथे ऊन येईल."

"दुपारनंतर सावलीच असते की इथे."

तिने अक्काची खाट आणली आणि दोन रेघांमध्ये नेमकी बसवली. मी एका टोकाला हात लावला, कारण खाट जड होती.

*

त्या नऊ दुपारी मी विसरलेलो नाही.

अक्का जेवून दोनला आडवी व्हायची आणि साडेचारला चहाला उठायची. चाक तीनपासून भरत यायचं आणि चारला पूर्ण वेगात असायचं. मी माझ्या खाटेवर पुस्तक उघडून बसायचो आणि तिच्याकडे बघायचो. ती उताणी निजायची, काळा चष्मा तसाच. साडेचार वाजून गेले की माझा श्वास मोकळा व्हायचा आणि मी ठरवायचो की उद्या सांगायचं.

तिसऱ्या दिवशी मी शक्यता मोजली. पट्टी सुटली तरी ती नेमकी कोणत्या क्षणी सुटेल यावर तिची दिशा ठरणार. बहुतेक दिशा आकाशात किंवा जमिनीत. चाकाच्या अगदी माथ्यावर असताना सुटली तरच ती या खाटेकडे येणार. अडीचशेत एक. पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. अडीचशेत एक म्हणजे जवळजवळ काहीच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. हीच शक्यता मला स्वतःसाठी मोठी वाटली होती, हेही माझ्या लक्षात आलं. मी वही मिटली.

पाचव्या दिवशी अक्काने विचारलं, "पदू, तुझी खाट तिकडं का नेलीस रं?"

"उजेडासाठी. वाचायला."

"आन् मला हितं का?"

"इथे वारा येतो."

"येतो खरा," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

आठव्या दिवशी मी अर्धं पत्र लिहिलं. पट्टीचं वजन, अंतर, वेग, सगळं मांडलं. शेवटच्या वाक्यात 'माझ्या मते' लिहिलं आणि ते खोडून 'कदाचित' लिहिलं. मग पत्र पुस्तकात घालून ठेवलं. चाक थांबलं आणि काही निघालं नाही तर चौकातून जायला तोंड उरणार नव्हतं. आणि काही निघालं, तर सगळे विचारणार होते की खाट कधी सरकवली.

नवव्या दुपारी ती लगेच आडवी झाली नाही. रेघेवरच्या खाटेवर बसून राहिली. पावणेतीन वाजले होते.

"मला काय सांगायचंय का तुला?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल बी."

"नाही," मी म्हणालो. "झोप तू."

तिने पाय खाटेवर घेतले. मग चष्मा सारखा करून उताणी निजली.

चारला सात मिनिटं होती. जाड कापड एका झटक्यात फाडावं तसा आवाज झाला आणि त्यामागोमाग चाकघरातून अशी गुरगुर आली की फरशी हलली. खोली पांढऱ्या धुळीने भरली. मी उठलो नाही. मला उठता आलं नाही. गुरगुर थांबली, धूळ खाली बसायला लागली, तेव्हा समोरच्या भिंतीत दोन रेघांच्या मध्ये मूठभर भोक दिसलं आणि त्यातून उजेडाची तिरीप आत आली. तसंच भोक मागच्या भिंतीत. दोन्ही खाटेच्या वर दीड हात उंचीवर. बसलेल्या माणसाचं डोकं जिथे येतं, तिथे.

अक्का उताणी पडून होती. तिच्या अंगावर विटांचा चुरा होता. तिने चष्मा काढला, फुंकर मारून पुसला आणि पुन्हा लावला.

"उठू का आता?" तिने विचारलं.

*

चौकशीला तीन जण आले होते. आमच्याच मधल्या खोलीत खुर्च्या टाकून बसले. सुनंदा, अक्का, गायत्री आणि दस्तगीर भिंतीला लागून उभे होते. बाहेर अंगणात मागवाले जमले होते.

अध्यक्षांनी रेघेवरची खाट पाहिली. "ही तुमची?"

"बहिणीची," मी म्हणालो. "माझी जागा मी तिला दिली होती. वारा येतो म्हणून."

अध्यक्षांनी बाकीच्या दोघांकडे पाहिलं. "म्हणजे घटनेच्या वेळी तुमच्या सख्ख्या भगिनी रेघेवर होत्या?"

"हो."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि लिहिताना त्यांचा आवाज बदलला. आदराने म्हणाले, "मगदूमसाहेब, एक विचारावंच लागतं. तोलाची पट्टी लावली आहे याची तुम्हाला कल्पना होती का?"

"नाही," मी म्हणालो.

दस्तगीर पुढे आला. "सर, मी सांगितलं हुतं तुमास्नी. हितंच. सीताफळं आणली हुती त्या दिशी. मी म्हणलं बी, उघडून बघू."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. अध्यक्षांना म्हणालो, "ते आले होते. बहिणीच्या डोळ्यांची चौकशी करायला."

"सर," दस्तगीर म्हणाला. एवढंच. मग तो अक्काकडे वळला. "अक्का, तुमी हुता की तिथं."

सगळे अक्काकडे बघायला लागले. तिने काळा चष्मा काढून हातात धरला होता. डोळे लाल होते, ऑपरेशनचे. ती माझ्याकडे बघत होती आणि मला माहीत होतं की ती किती वेळ तशी बघत राहू शकते. माळ्यावर तासन्‌तास उभी राहायची.

"मी म्हातारी," ती शेवटी म्हणाली. "चाकातलं मला काय कळतंय."

दस्तगीरचा परवाना कायमचा गेला. ड्रॉइंगमध्ये नसलेला भाग बसवला, असं कारण लिहिलं. ते खरंही होतं.

लोक गेल्यावर अक्काने पिशवी भरायला घेतली. सुनंदा म्हणाली, "अजून आठवडा राहायचं होतं ना, अक्का?" अक्काने तिच्या गालावरून हात फिरवला आणि तिला चहा टाकायला आत पाठवलं. मग मला म्हणाली, "बस खाली."

मी माझ्या खाटेवर बसलो.

"तू खाट सरकवलीस तवाच मला कळलं. बारा वर्सं गोफण मारलीय मी. दगड कुठं जाणार ते मला कळत न्हाई व्हय?"

"मग तू तिथे का झोपलीस?"

"तू उठवतोस का ते बघाय." तिने पिशवीचे बंद आवळले. "नऊ दिस वाट बघितली. वाटायचं, आज बोलंल. लहानपणी बी असाच हुतास तू, उशिरानं बोलायचास. पण बोलायचास."

"अडीचशेत एकच शक्यता होती, अक्का."

"मग तू का सरकलास?"

तिने पिशवी उचलून दाराजवळ ठेवली.

"दस्तगीरसाठी बोलणार हुते मी," ती म्हणाली. "तोंड उघडलं बी हुतं. पण तुला म्या वाढवलं. तेवढी माझी चूक झाली म्हणायची."

ती चहा न घेता गेली. त्यानंतर तिने माझा फोन कधी उचलला नाही. सुनंदाचा उचलते. मी कसा आहे असं विचारत नाही, असं सुनंदा सांगते. सुनंदाही आता माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिला अक्काने सांगितलं की तिचं तिलाच समजलं, हे मी विचारलेलं नाही.

*

चार महिन्यांनी समितीचं पत्र आलं. माझं प्रमाणपत्र कायम ठेवलं होतं आणि नियमात एक नवं कलम घालायचं होतं. 'प्रमाणक स्वतःचा जीव धोक्यात घालू शकतो, परंतु जवळच्या नातलगाचा कदापि घालणार नाही, हे बोरसवडे येथील घटनेवरून सिद्ध झाले आहे.' म्हणून यापुढे प्रत्येक चाकाच्या रेघेवर प्रमाणकाचा एक रक्ताचा नातलग दुपारच्या वेळी झोपेल. या मसुद्यावर माझा अभिप्राय मागवला होता.

मी ते पत्र तीन दिवस वाचत होतो. या नियमाचा पाया खोटा आहे, हे मी, अक्का, दस्तगीर आणि बहुधा सुनंदा सोडून जगात कोणाला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी 'हरकत नाही' असं लिहून सही केली.

चाकघर आता रिकामं आहे. काळा भुसा ट्रकांनी भरून नेला. नवं चाक पुढच्या गावी बसतं आहे. मी माझी खाट परत रेघेवर ओढली आहे आणि तिथेच झोपतो. इथे आता कसलाही धोका नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी गायत्रीचा फोन आला. नव्या चाकाची प्रमाणक तीच आहे. लग्न झालेलं नाही, वडील नाहीत. एकटी आई आहे आणि तिला अर्धांगवायू झालेला आहे. ती दिवसभर झोपूनच असते.

"उद्या आईची खाट रेघेवर घालायची आहे," ती म्हणाली. "आई म्हणते, घाल बिनधास्त. मगदूम सरांची बहीण झोपली, मग मला काय होतंय."

"बरं," मी म्हणालो.

"सर, एकच विचारायचं होतं. त्या वेळी तुम्ही मला फोन केला होता. कडेविषयी काहीतरी. ते मी चौकशीत बोलले नाही. पण तेव्हापासून मला नीट झोप नाही. ते या पट्टीचंच होतं का?"

बाहेर कुठेतरी माग बंद पडला असावा. खोली फार शांत वाटली.

"नाही. ते वेगळं होतं. किरकोळ."

"तेच मी स्वतःला सांगते. कारण त्यानंतर नऊ दिवस अक्का तिथे झोपत होत्या. तुमच्या मनात थोडी जरी शंका असती तर..."

"तर झोपवलं नसतं," मी म्हणालो.

मग तिने विचारलं, "नक्की ना, सर?"

समोरच्या भिंतीतलं भोक सुनंदाने सिमेंटने बुजवलं आहे. पण रंग दिलेला नाही, त्यामुळे ते झोपल्या जागेवरून स्पष्ट दिसतं.

"नक्की," मी म्हणालो.